आबेलिनोचा परवाना

एकतीस वर्षं एलिसेओ बार्रियाने लांब पल्ल्याची बस चालवली. निवृत्त झाल्यावर काय करायचं, हे त्याने स्टिअरिंगमागे बसूनच ठरवून टाकलं होतं. पिलकुराच्या पुळणीवर गळ टाकून बसायचं, आणि किती वाजले हे कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. पहिली दोन वर्षं त्याने तसं केलंही. रोज सकाळी तो आणि त्याचा कोम्पाद्रे आबेलिनो काळ्या खडकाच्या अंगाला शेजारी शेजारी बसत. आबेलिनो त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून कोम्पाद्रे; ते नातं नसतं तरी दोघं तिथेच बसले असते. एक थर्मास, दोन कप, घरचा पाव. बोलणं फारसं नाही. लागला मासा तर लागला.

मग ते पोत्यांचं सुरू झालं. उन्हाळ्यात बाहेरगावची माणसं येत आणि वीतभरही नसलेल्या कोर्विना पोती भरभरून नेत. एकदाही अंडी न घातलेले ते मासे. घरी नेऊन तळायचे म्हटले तरी काट्यांशिवाय हाताला काही लागायचं नाही. एलिसेओला ते बघवेना. त्याने जिल्ह्याच्या मत्स्य कचेरीला पत्र लिहिलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्या पत्राला उत्तर आलं की कचेरीकडे माणसं अपुरी आहेत, आपल्यासारख्या जागरूक नागरिकाने मानद निरीक्षक व्हावं.

"पगार किती?" त्याच्या बायकोने, ओतिलियाने विचारलं.

"मानद म्हटलंय."

"म्हणजे नाही. पेट्रोल?"

"आपलंच."

"मग देतात तरी काय?"

"टोपी देतात. आणि बिल्ला."

ओतिलिया पावाची कणीक मळत होती. तिने हात न थांबवता त्याच्याकडे एकदा पाहिलं. "डोक्यावर काही घालायला मिळेल म्हणून एवढी पत्रं लिहिलीस होय," ती म्हणाली.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मासा मोजायची पट्टी मिळाली, नोटिसांचं पुस्तक मिळालं. नियम तसे सोपे होते. समुद्रात हौसेने गळ टाकणाऱ्या प्रत्येकाकडे वर्षाचा परवाना हवा, मग तो होडीत असो की काठावर. पट्टीपेक्षा लहान मासा परत पाण्यात. एका माणसाला दिवसाला पाच कोर्विना, जास्त नाही. परवाना नसेल तर नाव-पत्ता लिहून नोटीस हातात द्यायची. पुढचं तालुक्याचं कोर्ट बघेल.

सुरुवातीला एलिसेओने एकही नोटीस फाडली नाही. तो सांगायचा, समजवायचा, कचेरीचा पत्ता द्यायचा. बसमध्ये विनातिकीट माणूस सापडला की त्याचा चेहरा कसा होतो हे त्याने जन्मभर पाहिलं होतं, आणि तो चेहरा पुन्हा बघायची त्याला हौस नव्हती. पण दुसऱ्या वर्षी कचेरीतून परिपत्रक आलं: यापुढे तोंडी समज देऊ नये. त्याने फोन करून फ्रेसियाला विचारलं. फ्रेसिया त्या कचेरीतली अधिकारी, चाळिशीच्या आतली, पण आवाज नेहमी जागरण झाल्यासारखा.

"एलिसेओसाहेब," ती म्हणाली, "समज दिली की काय होतं, ठाऊक आहे? आवडलेल्या माणसाला समज मिळते आणि न आवडलेल्याला नोटीस. तक्रारी येतात माझ्याकडे. नोटीस कशी, सगळ्यांना सारखी."

त्याला ते पटलं. पटलं म्हणूनच पुढे सगळं अवघड झालं.

तो नोटिसा देऊ लागला आणि पुळणीवर त्याची टोपी दिसताच लांबवर काठ्या आवरल्या जाऊ लागल्या. ओळखीची माणसं हात करायची थांबली. स्वतःचा गळ त्याने त्या वर्षी माळ्यावर टाकला. एका हातात बिल्ला आणि दुसऱ्यात गळ बरं दिसत नाही, असं त्याचं त्यालाच वाटलं. गुडघे दुखत. वाळूत दोन मैल जायचं, दोन मैल यायचं, आणि वाटेत कुणीही "बसा" म्हणायचं नाही. म्हणणारा एकच, आबेलिनो.

आणि आबेलिनोकडे परवाना नव्हता.

चौऱ्याहत्तर वर्षांचा आबेलिनो चाळीस वर्षं पाणबुड्या होता. तळाला बुडी मारून शिंपले आणि काटेरी समुद्री साळू काढायचे, हवेची नळी तोंडात. एकदा फार खोलवरून फार घाईने वर आला तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचा. तो इस्पितळात पडून होता त्याच हिवाळ्यात सरकारने पाणबुड्यांची यादी केली आणि यादी बंद केली; नाव नसेल त्याला बुडी मारायची बंदी. बरा होऊन घरी आला तो यादीबाहेरचा. कचेऱ्यांचे खेटे घातले, कागद दिले, शिक्के आणले, सहा वर्षं. शेवटी त्याने सगळे कागद चुलीत घातले आणि म्हणाला, संपलं. त्या दिवसापासून त्याने कुठल्याही अर्जावर सही केली नव्हती. ओळखपत्रसुद्धा मुदत संपून पडलं होतं.

त्याच्या वयाच्या माणसाला गळाचा परवाना फुकट मिळायचा. फक्त मागावा लागायचा. एलिसेओने दोनदा विषय काढला होता. दोन्ही वेळा आबेलिनोने चहा ओतला आणि वाऱ्याची दिशा बदलल्याचं सांगितलं. एलिसेओने तिसऱ्यांदा काढला नाही. त्याच्याजवळ तो निरीक्षक म्हणून जातच नसे. टोपी काढून बगलेत धरायचा, दहा मिनिटं टेकायचा, कपभर चहा प्यायचा, आणि पुन्हा टोपी घालून पुढे जायचा.

जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, एका शनिवारी खडकापासून शंभर पावलांवर एक बाई एकटी गळ टाकताना दिसली. तिशीची असेल. काठी पुरुषी मापाची, तंगूस गुंतलेली, बालदीत एक बरी कोर्विना, पट्टीला पुरून उरेल अशी. एलिसेओने परवाना विचारला.

"इथेही लागतो?" ती म्हणाली. "मला वाटलं होडीवाल्यांना लागतो."

"सगळ्यांना लागतो."

"काठी माझ्या भावजींची आहे. मी पहिल्यांदाच आलेय."

"नाव सांगा."

तिने नाव सांगितलं, नायादेत. वरच्या रस्त्यावरच्या पर्यटकांच्या कॉटेजमध्ये खोल्या साफ करायची. आठवड्यात एकच सुट्टी, तीही अर्धी. नोटीस हातात घेऊन तिने ती नीट घडी केली आणि खडकाकडे हात दाखवून शांतपणे विचारलं, "त्या लाल स्वेटरवाल्या आजोबांकडे आहे वाटतं?"

एलिसेओ पुस्तक खिशात घालत होता. "तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज खटकला. बसमध्येही तो असं कुणाला बोलला नव्हता.

मार्चमध्ये कोर्टात तारीख निघाली. नोटीस देणाऱ्याने हजर राहायचं असतं, म्हणून एलिसेओही गेला. न्यायाधीश बाई चष्मा कपाळावर ढकलून कागद वाचत होत्या. नायादेतने परवाना नव्हता हे कबूल केलं. आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर ती उभी राहिली.

"त्या दिवशी माझ्यापासून शंभर पावलांवर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. हे साहेब त्यांच्याजवळ बसले, चहा प्यायले आणि मग माझ्याकडे आले. गावात मी नंतर विचारलं. त्यांच्याकडे परवाना कधीच नव्हता म्हणतात. एवढंच सांगायचं होतं."

न्यायाधीश बाईंनी एलिसेओकडे पाहिलं. "खरं आहे?"

नाही म्हणणं सोपं होतं. माहीत नाही म्हणणं त्याहून सोपं. एलिसेओने टोपी हातात फिरवली.

"खरं आहे," तो म्हणाला.

"का?"

"तो माझा कोम्पाद्रे आहे."

खोलीत कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, दुसऱ्याला सोडलं म्हणून हिला सोडता येत नाही, कायद्यात तशी सोय नाही. कमीत कमी जेवढा दंड करता येतो तेवढा त्यांनी केला. मग एलिसेओला म्हणाल्या, "तुमच्या कचेरीला मी कळवेन. आणि तुम्हीही विचार करा, हे काम तुमच्याच्याने होतं का."

बाहेर आला तेव्हा नायादेत बसथांब्यावर उभी होती, हातात कागदात गुंडाळलेली गरम सोपाइपिया, जाड तळलेली पुरी. पिलकुराची बस दोन तासांनी होती. एलिसेओला वेळापत्रक तोंडपाठ होतं. त्याने गाडी थांबवून काच खाली केली.

"चला, सोडतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. "मालकिणीने दुपारी यायला सांगितलंय," ती जणू स्वतःलाच म्हणाली, आणि बसली.

पुढे लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक होता आणि त्याला मागे टाकायला जागा नव्हती. ती सोपाइपियाचा अर्धा तुकडा तोडून त्याच्यासमोर धरून राहिली, शेवटी त्याने घेतला.

"रागावलात?" तिने विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"रागवायला वेळ कुठाय?" ती बाहेर बघत म्हणाली. "मला नोटीस दिलीत त्याचं काही नाही. चूक होती, भरला दंड. पण एक सांगा, त्या दिवशी मी तुमच्या ओळखीची असते, तर?"

एलिसेओने गिअर बदलला.

"माझं काय म्हणणं आहे माहितीये, मला जितकं कमी ओळखता, तितकंच सगळ्यांना ओळखत जा. नाहीतर मग मलाही चहा द्या."

"त्याला परवाना फुकट मिळतो," एलिसेओ म्हणाला. "वयामुळे. दंड घेऊन सरकारचा काही फायदा नाही."

"मग घेत का नाहीत?"

"ते लांबचं प्रकरण आहे."

"प्रत्येकाचं काही ना काही लांबचंच असतं की," ती म्हणाली. "माझं कुठे विचारलंत?"

तो विचारणार होता. पण तेवढ्यात ट्रक वळला, रस्ता मोकळा झाला, आणि ती डोळे मिटून बसली. पिलकुरा येईपर्यंत ती झोपली होती. कॉटेजच्या फाटकाशी त्याने हलकेच हॉर्न वाजवला तेव्हा ती दचकून उठली, आभार मानले आणि धावत आत गेली.

त्याच संध्याकाळी तो आबेलिनोच्या घरी गेला. आबेलिनो चुलीजवळ बसून रेडिओ दुरुस्त करत होता. एलिसेओने कोर्टातलं सगळं सांगितलं, काही न लपवता.

"माझं नाव घेतलंस?" आबेलिनोने विचारलं.

"नाव नाही घेतलं. कोम्पाद्रे म्हटलं."

"मग ठीक आहे. तुझे कोम्पाद्रे काय कमी आहेत?"

"एकच आहे. तुलाही माहीत आहे. हे बघ, मी गाडी काढतो, आधी ओळखपत्र नवं करू, मग परवाना. एक दिवसाचं काम. तुला बोलायलासुद्धा लागणार नाही, मी बोलतो."

आबेलिनोने स्क्रू दातात धरला होता. तो काढून त्याने टेबलावर ठेवला. "चाळीस वर्षं मी त्या पाण्याच्या तळाला होतो, एलिसेओ. वरून कुणी विचारलं नाही, तू कोण. वर आलो तेव्हा म्हणाले, तू यादीत नाहीस. आता काठावर बसून दोन मासे धरायचे तर तेच लोक म्हणतात, आम्हाला विचार, आम्ही फुकट देऊ. मला नको त्यांचं फुकट."

"आणि मी काय करू?"

"तुला काय करायचं ते कर. तुझी टोपी, तुझं डोकं."

तो रागाने बोलला नाही. तेच एलिसेओला जड गेलं. रेडिओ चालू झाला तसा आबेलिनोने त्याचा आवाज वाढवला.

पुढच्या आठवड्यात फ्रेसियाचा फोन आला. कोर्टाचं पत्र तिला मिळालं होतं. "तुम्ही खरंच तसं सांगितलंत?" तिने विचारलं.

"त्यांनी विचारलं."

मागे कुठेतरी प्रिंटर चालू होता. "माझ्याकडे एकशे वीस किलोमीटर किनारा आहे आणि एक गाडी," ती म्हणाली. "तिचाही टायर परवा गेला. तुम्हाला काढून टाकलं तर पिलकुरात कोण? कुणी नाही. ठेवलं तर लोक म्हणणार, याच्या ओळखीचे सुटतात. तुम्हीच सांगा काय करू."

"शनिवारपर्यंत थांबा," एलिसेओ म्हणाला.

शनिवारी दुपारी तो आधी धक्क्यावर गेला. राजधानीतल्या लोकांच्या तीन होड्या नुकत्याच परतल्या होत्या, चकचकीत, मागे दोन-दोन इंजिनं, आणि मासा कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारी यंत्रं. त्याची टोपी पाहताच सगळ्यांनी खिशातून फोन काढले. परवाने हजर. प्रत्येकाचा, बायकांचे, मेहुण्यांचे, सकाळपासून कॉटेजच्या अंगणात पत्ते खेळत बसलेल्या सासऱ्याचासुद्धा. बर्फाच्या पेट्या उघडून दाखवल्या. कोर्विना मोठ्या होत्या, हातभर लांब, एकावर एक रचलेल्या. एलिसेओने एक एक मोजली. माणसं अठरा, मासे सत्त्याऐंशी. माणशी पाच धरले तर नव्वद चालले असते.

"सगळे अठरा जण पाण्यात होते?" त्याने विचारलं.

"होते की," त्यातला एक गोरटेला माणूस हसतमुखाने म्हणाला. "आळीपाळीने."

ते खोटं होतं, पण सिद्ध करायला एलिसेओकडे काही नव्हतं. माणूस सभ्य होता. त्याने थंड पाण्याची बाटली पुढे केली, या उन्हात तुम्ही हे काम करता, फार मोठी गोष्ट आहे म्हणाला. एलिसेओने बाटली घेतली नाही. पेट्यांची झाकणं लागली, गाड्यांना होड्या जोडल्या गेल्या. सगळं नियमात होतं.

मग तो पुळणीने चालत निघाला. वारा समोरून होता आणि दोन मैल त्याला चार वाटले. वाटेत नायादेत दिसली. ती आता सुट्टीच्या दिवशी यायची, भावजींचीच काठी घेऊन. त्याला पाहून तिने काही न बोलता फोन पुढे केला. परवाना नवा होता. त्याने तारीख वाचली, नाव वाचलं, परत दिला. "लागला का?" त्याने विचारलं. "नाही अजून," ती म्हणाली.

आबेलिनो खडकाच्या अंगाला बसला होता. शेजारी बादलीत एक चपटा लेप मासा, थाळीएवढा, अजून कल्ले हलवत असलेला. थर्मासजवळ दोन कप मांडले होते. एलिसेओ जवळ आला, पण टोपी काढली नाही. आबेलिनोने ते पाहिलं. दुसरा कप उचलून त्याने पिशवीत ठेवला.

"आपला परवाना?" एलिसेओ म्हणाला.

"नाही."

"नाव?"

आबेलिनो पाण्याकडे बघत होता. "तुला ठाऊक नाही?"

"विचारावं लागतं."

"लिहा मग," आबेलिनो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने एलिसेओला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. "आबेलिनो सेगुंदो उएंचूर."

"पत्ता?"

"चर्चच्या मागचं पिवळं घर. तुमच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचं जेवण झालं होतं ते. अंगणात चेरीचं झाड आहे. ते पण लिहा, शिपायाला सापडायला बरं."

एलिसेओने घराचा रंग लिहिला. झाड लिहिलं नाही. त्याचं अक्षर नेहमी बरं असायचं, त्या दिवशी ओळी वरखाली झाल्या. नोटीस फाडून त्याने दिली. आबेलिनोने ती न वाचता आमिषाच्या डब्याखाली ठेवली, शिंपल्याचं मांस गळाला लावलं आणि गळ पुन्हा फेकला.

"आता गळ आवरावा लागेल," एलिसेओ म्हणाला.

"हो का," आबेलिनो म्हणाला आणि आवरायला लागला. पाय सुन्न झाला होता, उठताना तो वाळूत टेकला. एलिसेओने हात पुढे केला. आबेलिनोने खडकाचा आधार घेतला. लेप त्याने बादलीतून उचलून पाण्यात सोडला; मासा जरा कलता झाला, मग सरळ झाला आणि गेला.

लांबून नायादेत बघत होती. आपलं म्हणणं खरं झालं याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर असता तरी एलिसेओला चाललं असतं. पण तिने मान वळवली आणि तंगूस गुंडाळत राहिली.

घरी ओतिलियाने ऐकून घेतलं. जेवण वाढलं, स्वतः जेवली नाही.

"त्या धक्क्यावरच्यांना काही केलंस?" तिने विचारलं.

"त्यांचे कागद बरोबर होते."

"आणि आबेलिनोचे चुकले."

"मी काय नियम केलेत का, ओतिलिया?"

"मी कुठे म्हणतेय तू केलेस," ती म्हणाली. "मी नुसतं विचारतेय." आणि थोड्या वेळाने, "त्या पोरीलाही तूच नोटीस दिली होतीस ना? तिला दिलीस तर यालाही द्यायलाच हवी होती. ते मला कळतं. कळलं म्हणून बरं वाटतं असं नाही."

आबेलिनो कोर्टात गेला, एकटा, बसने. त्याने काहीही सांगितलं नाही. न्यायाधीश बाईंनी वय पाहिलं, पाय पाहिला, आणि लिहिलं की तीस दिवसांत परवाना काढून दाखवला तर दंड माफ. पंचवीस दिवस गेले. आबेलिनो ना पुळणीवर दिसला ना कचेरीत. लाकडाच्या फाटकावर कोळशाने कुणीतरी 'कोम्पाद्रे' असं लिहिलं, एलिसेओच्या फाटकावर. त्याने ते पुसलं, थोडं राहिलं.

सव्विसाव्या दिवशी ओतिलियाने चांगला कोट घातला आणि पिवळ्या घरी गेली. आत काय बोलणं झालं ते तिने कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, कोमाद्रेला, आपल्या धर्मकन्येच्या आईला, नाही म्हणता येत नाही. दोघं सकाळच्या बसने तालुक्याला गेले. रांगेत चार तास गेले. पहिल्या खिडकीवर यंत्र बंद होतं, दुसरीवर बोटांचे ठसे उमटेनात, कारण चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात बोटं घासून गुळगुळीत झाली होती. खिडकीतल्या मुलीने तीन वेळा पुसून पुन्हा दाबायला लावली. ओतिलिया म्हणाली, आबेलिनोच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते तिला पुन्हा बघायचं नाही. पण तिसऱ्या वेळेला ठसा उमटला. ओळखपत्राचं झालं, त्याच पावतीवर परवाना निघाला, छापलेला, कारण आबेलिनोकडे तसला फोन नव्हता.

त्यानंतर आबेलिनो पुन्हा खडकाशी बसू लागला. एलिसेओ फेरीवर आला की तो विचारायच्या आधी आतल्या खिशातून कागद काढायचा आणि हात लांब करून धरायचा, नजर पाण्यावर. एलिसेओ कागद घ्यायचा, नाव वाचायचा, क्रमांक वाचायचा, मुदत वाचायचा, आणि परत द्यायचा. तेच तो नायादेतकडे करायचा, तेच बाहेरगावच्यांकडे. धक्क्यावर तो आता होडी सुटताना जायचा आणि चढणारी डोकी वहीत टिपून ठेवायचा. एकदा त्या हसतमुख माणसाच्या नऊ कोर्विना जास्त भरल्या. त्या परत पाण्यात टाकायच्या तर मेलेल्या होत्या, म्हणून गावच्या वृद्धाश्रमाला दिल्या. माणूस तेव्हा हसला नाही, आणि एलिसेओलाही वाटलं होतं तितकं समाधान झालं नाही. फ्रेसिया फोनवर म्हणाली, तक्रारी थांबल्यात. तिने टायरही बदलून घेतला होता.

एलिसेओने बिल्ला परत द्यायचा विचार दोनदा केला. दोन्ही वेळा त्याच्या डोळ्यांपुढे पोती आली. पोती आता खरंच कमी झाली होती; लहान मासा पाण्यात परत टाकणारी माणसं त्याने स्वतः पाहिली होती, तो जवळ नसतानासुद्धा. तेवढं त्याच्या पदरात पडलं होतं. ते कमी नव्हतं. पण रोज दोन मैल चालताना पुरायचं नाही.

हिवाळा लागला. धुकं दुपारपर्यंत हलेना. पुळणीवर माणसं तुरळक, कधी कधी आबेलिनो एकटाच. अशाच एका दिवशी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, एलिसेओ खडकाशी आला. आबेलिनोने खिशातून कागद काढला. तो भिजून लगदा झाला होता, घडीवर फाटला होता, आणि अक्षरं निळी होऊन पसरली होती. एलिसेओने तो दोन्ही हातांवर घेतला. नाव जेमतेम वाचता येत होतं, मुदत अजिबात नाही.

नियमाप्रमाणे न वाचता येणारा परवाना म्हणजे परवाना नाही. आबेलिनो पाण्याकडेच बघत होता.

"शाई गेली," आबेलिनो म्हणाला. मग तंगूस जरा ओढून घेत, "देतात का रे दुसरा?"

"देतात," एलिसेओ म्हणाला. "अर्ज करावा लागतो."

"हं," आबेलिनो म्हणाला.

एलिसेओने कागद खडकावर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला एक शिंपला ठेवला, आणि तो वाळेपर्यंत तिथेच उभा राहिला.